४९ दिवसांची जीप

पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, गाडीला ‘जीप’च म्हणतात, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. नऊ जणांच्या जागेत पंधरा बसतात, मागे फूटबोर्डावर दोघं लोंबकळतात आणि घाट चढून गाडी निवांत वर येते. ज्या गाडीवरून हे नाव आलं ती पहिल्यांदा एका डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्यात बनली. त्या कारखान्याचं नाव मात्र आज फारसं कुणाला ठाऊक नाही.

कंपनी होती अमेरिकन बँटम, गाव बटलर, राज्य पेनसिल्व्हेनिया. बँटम ही कोंबड्यांची ठेंगणी जात, तेव्हा नाव अगदी साजेसं. ‘ऑस्टिन सेव्हन’ ही ब्रिटनची चिमुकली मोटार अमेरिकेत परवान्यावर बनवायला हा कारखाना निघाला होता. पण तिथल्या गिऱ्हाइकाला लांबरुंद गाड्यांची सवय, त्यात महामंदी. दिवाळं निघालं. रॉय इव्हान्स नावाच्या मोटारविक्रेत्याने कारखाना घेतला, नाव बदललं, गाड्यांना नवं रूप दिलं. खप काही वाढला नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि अमेरिकी लष्कराला घाई झाली. टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. ११ जुलैला १३५ कारखान्यांना पत्रं गेली. निविदा ११ दिवसांत, काम मिळाल्यापासून पहिली गाडी ४९ दिवसांत, एकूण ७० गाड्या ७५ दिवसांत! गाडीचं वजन १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आत असावं आणि तिने २७० किलो वाहावेत, अशी अट. एवढ्या लोकांतून उत्सुकता दाखवली दोघांनीच: बँटम आणि विलीज-ओव्हरलँड.

बँटमकडे धड इंजिनिअरही उरले नव्हते. त्यांनी डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्टला गळ घातली. काम मिळालं तरच मेहनताना, असा सौदा. वाटेत तो टोलिडोला ‘स्पायसर’ या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डोकावला आणि एक्सल, म्हणजे चाकांचे आस, कुठून मिळतील याची खातरजमा करून १७ जुलैला बटलरला पोचला. दोन दिवसांत आराखडा कागदावर उतरला. वजनाची अट अशक्य आहे हे त्याला दिसत होतं, तरी निविदेत आकडा १३०० च्या आतलाच लिहिला गेला. विलीजची किंमत कमी होती, पण त्यांना मुदत वाढवून हवी होती. काम बँटमला मिळालं.

ही गाडी ४९ दिवसांत उभी राहिली कशी? मला वाटतं, कारखाना छोटा होता म्हणूनच. मोठ्या कंपनीत पत्रा दाबायचे साचे बनवण्यातच महिने गेले असते. इथे बॉडी हाताने ठोकली आणि बाकीचं बाजारातून उचललं. इंजिन कॉन्टिनेंटलचं, सुमारे ४५ अश्वशक्तीचं. एक्सल स्टुडबेकर चँपियन या साध्या मोटारीचे, स्पायसरने फेरफार करून दिलेले.

खरी मेख होती पुढच्या चाकांत. पुढचं चाक वळतंही आणि इथे त्याला गाडीही ओढायची. चाकाला ताकद पोचवणारा साधा क्रॉस जॉइंट (सांधा) तिरका फिरला की एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. वळणावर स्टिअरिंग हिसके देणार. म्हणून खाचांतल्या पोलादी गोळ्यांवर फिरणारा खास जोड लागतो. त्यात आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग सारखा राहतो. असा जोड बनवायला फार काटेकोर काम लागतं आणि तसं करणारे कारखाने त्या काळी मोजकेच होते.

दुसरी गोष्ट ‘लो’ गिअरची. गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस असते. ती ताकद पुढे-मागे वाटते आणि हवं तेव्हा वेग आणखी कमी करून जोर वाढवते. युद्धकाळातल्या विलीज जीपचे आकडे घ्या, म्हणजे प्रत्येक टप्प्यात वेग कितीपट कमी होतो ते. पहिला गिअर २.६६५, ट्रान्सफर केसचा लो १.९७, एक्सलचा ४.८८. गुणाकार साधारण २५.६. म्हणजे घर्षणातली घट सोडली तर इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पंचवीसपट होऊन पोचतो आणि गाडी माणसाच्या चालीने सरकते. लष्कराला हेच हवं होतं: पायदळाबरोबर रांगणारी आणि पक्क्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर पळणारी गाडी.

२३ सप्टेंबर १९४० ला प्रोब्स्ट आणि कारखान्याचा हॅरल्ड क्रिस्ट स्वतः गाडी चालवत डोंगर ओलांडून बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत पोचले. वाजले होते साडेचार, मुदत पाचपर्यंत. वजन भरलं १८०० पौंडांच्या वर. पण चिखलात, चढावर गाडीने जे केलं ते पाहून लष्कराने अटच सैल केली. पुढे ती २१६० पौंडांवर नेली.

इथून गोष्ट कडू होते. चाचण्या चालू असतानाच विलीज आणि फोर्डच्या माणसांना गाडी न्याहाळू दिली, आराखडेही दिले. बँटम एकटी पुरी पडणार नाही ही लष्कराची धास्ती खोटी नव्हती, पण रीत बरी नव्हे. नोव्हेंबरपर्यंत दोघांच्या गाड्या हजर. विलीजचं ‘गो डेव्हिल’ इंजिन ६० अश्वशक्तीचं, तिघांत निर्विवाद सरस. म्हणून निव्वळ अन्याय झाला असंही मला म्हणवत नाही. १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचं मोठं काम विलीजला मिळालं, पाठोपाठ फोर्डलाही. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप काढल्या. बँटमच्या निघाल्या अडीच हजारांच्या आसपास आणि त्यांतल्या पुष्कळशा ब्रिटन-रशियाला गेल्या. गंमत म्हणजे आजच्या जीपची ओळख असलेली समोरची उभ्या खाचांची जाळी ना बँटमची ना विलीजची, ती फोर्डची.

नावासाठीची झटापट कोर्टकचेऱ्यांत गेली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ मध्ये कल्पनेचं श्रेय बँटम आणि काही लष्करी अधिकाऱ्यांना दिलं, तरी ‘जीप’ हा ट्रेडमार्क १९५० मध्ये विलीजकडेच गेला. मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतलेल्या जीपही विलीजच्याच.

उरलेल्या युद्धात बँटमने काय बनवलं? जीपच्या मागे जोडायचे पाव टनाचे ट्रेलर. त्यांना चाकं मुद्दाम जीपचीच दिलेली होती, म्हणजे वाटेत जीपचा टायर गेला तर ट्रेलरचं चाक काढून तिला लावता यावं.