'नकार' की 'राहून गेलं'? नाशिकमधल्या मनोरुग्णांच्या लसीकरणामागची पार्श्वभूमी

'लस-संकोच' हा शब्द सरकारी मराठीत रुळला तो कोविडच्या लशीबरोबर. गावपातळीवर आजही 'नकार' हाच शब्द चालतो: अमक्या घरात दोन नकार, तमक्या वस्तीत सहा. मानसिक आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत हा शब्द फार घाईने लावला गेला. नाशिकची हकीकत समजायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

पल्स पोलिओच्या फेऱ्यांमध्ये दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स' लिहीत. 'पी' म्हणजे घर पूर्ण झालं. 'एक्स' म्हणजे मूल राहिलं, परत यायचं. 'एक्स'मुळे घर दोषी ठरत नसे, कर्मचाऱ्याची फेरी बाकी राही. मोठ्यांच्या लसीकरणात ही खूण गेली. जो केंद्रावर आला नाही, तो बोलताबोलता 'घेत नाही म्हणतो' या गटात जाऊन बसला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये केलेल्या लस-संकोचाच्या व्याख्येत 'सेवा उपलब्ध असूनही' लस घ्यायला उशीर करणं किंवा नाकारणं, असे शब्द आहेत. 'उपलब्ध असूनही' हे दोन शब्द गाळले, तर सुरगाण्याहून एसटीने येणारा, मोबाइल नसलेला, गोळ्यांनी दुपारपर्यंत झोपेत असणारा माणूसही संकोची ठरतो.

जुना काळ थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची लस आली, तिच्यासोबत घरझडत्या आणि छावण्या आल्या. १९१२ च्या कायद्याने 'वेडा' ठरलेल्याला कोंडून ठेवण्याची रीत पक्की केली. सुई आणि सरकार एकत्र आले की दार लावून घ्यायचं, ही सवय अशी फार जुनी आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. नाशिकला त्यांतलं एकही नाही. इथला रुग्ण बहुतेक करून घरीच असतो, आईच्या नाहीतर भावजयीच्या नजरेखाली.

२०२१ मध्ये हेच आड आलं. १६ जानेवारीला कोविडचं लसीकरण सुरू झालं. १ मार्चपासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना पात्र धरलं गेलं. वीस सहव्याधींच्या त्या यादीत बौद्धिक अपंगत्व होतं, मानसिक आजार नव्हता. 'मतिमंद' (बौद्धिक अपंगत्व) आणि 'मनोरुग्ण' (मानसिक आजार) यांतला फरक आपल्याकडे शिकलेल्यांनाही सांगावा लागतो, त्यामुळे दोन्हीकडून गोंधळ झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका बराच जास्त असतो, हे न्यूयॉर्कमधल्या अभ्यासातून त्याच जानेवारीत पुढे आलं होतं. ब्रिटनने गंभीर मानसिक आजार अग्रक्रमाच्या गटात घातला. आपल्याकडे १ एप्रिलला ४५ वरच्या सगळ्यांना आणि १ मेपासून १८ वरच्या सगळ्यांना दार उघडलं, म्हणून यादीचा प्रश्न आपोआप मिटला. अग्रक्रम मात्र कधीच मिळाला नाही.

त्याच सुमारास ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्र सरकारची कार्यपद्धती आली. तिच्यात साधू, कैदी, भिक्षेकरी आणि मानसिक आरोग्य संस्थांमधले रुग्ण एका रांगेत होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थांमधल्या रुग्णांच्या लसीकरणाचं वेळापत्रक मागितलं. दोन्ही पावलं योग्यच होती, पण दोन्हींचं लक्ष संस्थांकडे होतं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातला किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा रुग्ण त्यांत बसत नव्हता. घरोघरची मोहीम नोव्हेंबरमध्ये सुरू झाली.

सगळ्यात जास्त अडलं ते संमतीवर. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा निर्णयक्षमता पाहताना तीन गोष्टी विचारतो: माहिती समजते का, परिणाम उमगतो का, निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का. निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात साथ देणारा माणूस, नेमता येतो. पण हा सगळा कायदा मानसिक उपचारांबद्दलचा आहे आणि कोविडची लस मानसिक उपचार नाही. मग तिच्यासाठी प्रतिनिधीचा शब्द चालतो का? भावाची सही पुरते का? कोवॅक्सिनला सुरुवातीला, मार्च २०२१ पर्यंत, सहीचं संमतीपत्र लागत होतं. कोविशील्डला लागत नव्हतं. एकच रुग्ण एका केंद्रावर सहीसाठी अडे आणि दुसरीकडे दंड पुढे केला की काम होई. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२२ च्या निकालाने लसीची सक्ती करता येत नाही हे नक्की झालं, तोवर मोहिमेचा भर ओसरला होता.

या पोकळीत घरच्यांनी आपापली वाट काढली. गोळी चहात विरघळवून देण्याची सवय असलेल्या घरात 'काळारामाला जाऊन येऊ' म्हणून केंद्रावर नेणं अवघड नव्हतं. डोस होई, पण पुढच्या महिन्यात तोच माणूस मूळ आजाराच्या औषधालाही बाहेर पडत नसे. आमच्या मते हा सौदा तोट्याचा आहे. त्याऐवजी रुग्ण स्थिर असेल त्या दिवशी तीन गोष्टी सांगायच्या: ही सुई कशाची, कुठे टोचणार, उद्या काय होईल. मग त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. दोन्ही दिवशी उत्तर एकच आलं, तर तो त्याचा निर्णय, मग ते 'नको' का असेना.

'नको'मागचं कारण पुष्कळदा सुईतच सापडतं. मानसिक आजारावरची, फ्लुफेनाझिनसारखी लांब पल्ल्याची 'महिन्याची सुई' कुल्ल्यावर बसते आणि ती चार जणांनी धरून दिल्याची आठवण कित्येकांना असते. लस ०.५ मिलि, दंडावर. हा फरक आधी सांगितला की निम्मी ताठरता जाते. मग टोचल्यानंतरचा अर्धा तास. औषधांमुळे पाय स्वस्थ न बसणं, म्हणजे अकॅथिसिया, असलेल्याला खुर्चीत तीस मिनिटं बसवलं की तो उठून चालू लागतो आणि 'पळून गेला' अशी बोंब होते. त्याला आवारातच नजरेसमोर फेऱ्या मारू द्याव्यात. घरी जाऊन टोचायचं म्हटलं तर कोविशील्डच्या कुपीत दहा डोस, फोडल्यावर चार तासांत संपवायचे. एका रुग्णासाठी कुपी फोडायला कोणी धजत नसे.

नंतरचा ताप ही खरी जोखीम. लिथियम (मनःस्थितीच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल द्यावं. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको, त्यांनी रक्तातलं लिथियम चढतं. पाणी भरपूर पाजावं. हाताची थरथर वाढली, जुलाब लागले, तोल जाऊ लागला, तर लिथियमचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्यावं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेल्या रुग्णात दाह आणि तापामुळे औषध शरीरात साठतं, झोप आणि लाळ वाढते. दोन दिवसांनंतरही ताप असेल किंवा घसा दुखत असेल, तर 'लसीचा ताप' म्हणून सोडू नये; क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटू शकतात, त्या मोजाव्यात.

जून २०२१ मध्ये नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिकाने दुसऱ्या डोसनंतर अंगाला नाणी आणि चमचे चिकटत असल्याचं सांगितलं. देशभर बातमी झाली, सरकारला खुलासा करावा लागला. त्या आठवड्यांत चांगली शिकलेली माणसं घरी दंडावर नाणं लावून पाहत होती. तीच शंका निदान झालेल्या माणसाने काढली, की तिला 'भ्रम' म्हणून गोळी वाढवायची भाषा सुरू होई. शेजाऱ्याकडून ऐकलेली अफवा पुराव्याने हलते, भ्रम हलत नाही. त्यामुळे आधी समजावून पाहायचं, नोंद नंतर करायची. हा क्रम उलटा झाला आणि ऐकीव भीतीही आजाराच्या खात्यात जमा झाली.

आता प्रश्न रोजच्या लशींचा आहे. गोदाघाटावर बेघर राहणाऱ्या मनोरुग्णाला कुत्रा चावला, तर रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत. पहिल्या तीन खेपा कोणीतरी करवून घेतं. अठ्ठाविसावा दिवस महिन्याच्या सुईच्या तारखेशी जुळवला आणि दोन्ही तारखा एकाच कार्डावर लिहिल्या, तर चौथी खेप हुकण्याची शक्यता कमी होते. हुकलीच, तर कार्डावर 'नकार' लिहू नये. तिथे 'एक्स' लिहावा.