उत्तरजीविता विश्लेषण

एखादी घटना घडायला किती काळ लागतो, याचा अभ्यास करणारी संख्याशास्त्राची शाखा. डॉक्टर आणि संशोधक बोलताना तिला ‘सर्व्हायव्हल ॲनालिसिस’ असेच म्हणतात. नाव जगण्यामरण्यावरून पडले असले तरी घटना मृत्यूचीच असावी असे नाही. आजार उलटणे, बेअरिंग तुटणे, कर्ज थकणे, बेकाराला नोकरी लागणे, यांपैकी कोणतीही चालते. मात्र घड्याळ कधीपासून सुरू करायचे आणि घटना नेमकी कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते.

या शाखेची वेगळी गरज भासली ती एका अडचणीमुळे. अभ्यास संपतो तेव्हा सगळ्यांच्या बाबतीत घटना घडलेली नसते. कोणी गाव सोडतो, कोणी तपासणीला यायचे थांबतो, कित्येक जण शेवटच्या दिवशीही ठणठणीत असतात. अशा नोंदीला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. चित्रपटांना कात्री लावणाऱ्या मंडळाशी तिचा काही संबंध नाही. अमुक काळापर्यंत घटना घडली नाही, एवढेच तिच्यातून कळते. ही अर्धी माहिती फेकून दिली तरी हिशेब चुकतो आणि पूर्ण समजून वापरली तरी चुकतो.

किती चुकतो, हे ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, एका जुन्या चाचणीत दिसते. अमेरिकेतली ही चाचणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. आजार तात्पुरता आटोक्यात आलेल्या ४२ रुग्णांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध आणि दुसऱ्याला औषध नसलेली गोळी दिली. औषध नसलेल्या २१ जणांत सगळ्यांचा आजार उलटला, सरासरी ८.७ आठवड्यांत. औषध घेतलेल्या २१ पैकी ९ जणांचाच उलटला, तोही सरासरी १२.१ आठवड्यांत. आता फक्त सरासऱ्या पाहिल्या तर औषधाने जेमतेम साडेतीन आठवडे मिळवून दिले असे वाटेल. पण ज्यांचा आजार उलटलाच नाही ते १२ जण या हिशेबात कुठेच नाहीत, आणि औषधाचा गुण तर त्यांच्यातच होता.

यावरचा उपाय म्हणजे कॅप्लन-मायर पद्धत. औषध घेतलेल्यांत सहाव्या आठवड्यात २१ पैकी ३ जणांचा आजार उलटला, म्हणून टिकण्याची शक्यता १८/२१, म्हणजे ०.८५७. त्याच आठवड्यात आणखी एकाचा पाठपुरावा थांबला, म्हणून सातव्या आठवड्यात हिशेबात १७ जण उरले. त्यांतल्या एकाचा आजार उलटला, तेव्हा आधीच्या आकड्याला १६/१७ ने गुणायचे: ०.८०७. पाठपुरावा सुटलेला माणूस सुटेपर्यंत छेदात मोजला जातो, नंतर गळतो. असे गुणत गेले की २३ व्या आठवड्याला टिकण्याची शक्यता ०.४४८ येते; औषध नसलेल्या गटात तोवर कोणीही उरलेले नसते. मध्यक, म्हणजे निम्म्या जणांचा आजार उलटायला लागणारा काळ, पाहिला तर औषध घेतलेल्यांत २३ आठवडे, औषध नसलेल्यांत ८. आलेख काढला की जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरणारी रेघ दिसते, आणि कॅन्सरवरचे शोधनिबंध चाळणाऱ्याला ती ओळखीची असते.

ही पद्धत १९५८ साली छापली गेली. एडवर्ड कॅप्लन बेल प्रयोगशाळेत समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या किती टिकतात हे पाहत होते. पॉल मायर वैद्यकीय आकडेवारीत गुंतले होते. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे वेगवेगळे लेख धाडले आणि संपादकांनी ते एकत्र करायला सुचवले. मतभेद मिटवायला चार वर्षे गेली. मुळात कल्पना त्याहून जुनी आहे: लंडनच्या मृत्युनोंदींवरून जॉन ग्रांटने १६६२ मध्ये, तर ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून एडमंड हॅलीने १६९३ मध्ये जीवनसारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता, मांडली होती. विम्याचा हप्ता आजही याच कुळातल्या सारण्यांवर ठरतो.

दोन गटांच्या रेघांत खरा फरक आहे की योगायोग, हे तपासायला लॉग-रँक चाचणी वापरतात. पण वय, आजाराची पायरी, उपचार असे अनेक घटक एकदम पाहायचे तर संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांचे १९७२ चे प्रतिमान (मॉडेल) लागते. त्याचा पाया ‘हॅझार्ड’: इथवर टिकलेल्याला पुढच्याच क्षणी घटना गाठण्याचा वेग. हा वेग काळानुसार कसा बदलतो ते कॉक्स विचारतच नाहीत. जेव्हा जेव्हा घटना घडते, तेव्हा त्या क्षणी टिकून असलेल्या सगळ्यांत ती याच्याच वाट्याला का आली, एवढाच प्रश्न ते घेतात. युक्ती साधी वाटते, पण तिने वैद्यकीय संशोधनाची भाषाच बदलली. वरच्या ल्युकेमियाच्या आकड्यांवर कॉक्स यांनी स्वतः ती चालवली होती. औषध नसलेल्यांचा आजार उलटण्याचा वेग सुमारे साडेचार पट निघतो. याचा अर्थ आयुष्य साडेचार पट वाढले असा नव्हे. बातम्यांत हा घोटाळा सर्रास होतो. शिवाय हे गुणोत्तर सर्वकाळ सारखे राहते असे गृहीत धरलेले असते. शस्त्रक्रियेत सुरुवातीला धोका आणि पुढे फायदा असेल तर ते गृहीतक कोलमडते.

घड्याळ चुकीच्या क्षणी सुरू केले तर भले भले फसतात. ऑस्कर मिळालेले नट इतरांपेक्षा ३.९ वर्षे जास्त जगतात, असा निष्कर्ष २००१ मध्ये गाजला. पण पुरस्कारापर्यंतची वर्षेही विजेत्यांच्या खात्यात धरली होती, आणि तोवर जिवंत असल्याशिवाय पुरस्कार मिळणार कसा? २००६ मध्ये ती वर्षे नीट मोजल्यावर फरक जवळपास विरून गेला.

भारतात खरी अडचण सूत्रांची नसते, पाठपुराव्याची असते. पाठपुरावा सुटण्याचा आजाराशी संबंध नाही, असे या पद्धती धरून चालतात. प्रत्यक्षात तब्येत फार ढासळली, पैसे संपले, म्हणूनच कित्येक रुग्ण यायचे थांबतात. मृत्यूच्या कारणांची नोंदही सगळीकडे भरवशाची नाही. म्हणून १९६३ मध्ये सुरू झालेली मुंबईची कॅन्सर नोंदणी किंवा १९८७ पासूनची बार्शीची ग्रामीण नोंदणी यांना केवळ कागदांवर विसंबून चालत नाही. रुग्ण हयात आहे का, हे विचारायला कार्यकर्त्यांना त्याच्या घरी जावे लागते.