बर्नआउट : दोष माणसाचा की कामाच्या मांडणीचा?

काम कुठे थांबवायचं, हा वाद बर्नआउटपेक्षा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आतून विझून जाण्याच्या कल्पनेपेक्षा, कितीतरी जुना आहे. १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सीमा आखायचं काम तेव्हा एकेकट्याच्या मनोधैर्यावर सोडलेलं नव्हतं.

१९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बर्नआउटबद्दल लिहिलं. हटता न हटणारी सर्दी, डोकेदुखी, उडालेली झोप, चिडचिड. माणूस कामावर जास्त तास काढतो आणि हातून काम मात्र कमी होतं, हे त्यांचं निरीक्षण आजही पहिली खूण म्हणून उपयोगी पडतं. गळपटत होते ते सगळ्यात जीव ओतून काम करणारेच.

१९८१ मध्ये ख्रिस्तिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी बर्नआउट मोजायची मोजपट्टी दिली. २२ विधानं, प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ६ (रोज) असे गुण. त्यांतली ९ भावनिक थकव्याची, ५ समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं पाहण्याची आणि ८ आपल्या हातून काही चांगलं घडतंय का याची. नुसता थकवा म्हणजे बर्नआउट नव्हे, हे इथे ठरलं. लोक नेमके इथेच चुकतात आणि रजा टाकून मोकळे होतात. १९९७ च्या वेस्टमन व ईडन यांच्या अभ्यासात रजेत उतरलेला बर्नआउट कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पूर्ववत झाला होता. टेबलावरचं काम तेच, तर दुसरं काय होणार?

१९९७ मध्येच मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू मांडल्या : कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. प्राधान्यक्रम ठरवून सुटतो तो मुख्यतः बोजा, तोही ताबा असेल तर. म्हणून यादी मनात ठेवू नये. हातातली कामं लिहून साहेबांसमोर ठेवावीत आणि नवं काम आलं की विचारावं, "यातलं कुठलं मागे टाकू?" कदर किंवा न्याय यांची बोंब असेल, तर यादी कितीही नेटकी असली तरी उपयोग नाही.

स्वतःची काळजी म्हणजे काय, याला २००७ मध्ये झोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी आकार दिला : कामातून मन काढून घेणं, विसावा, काही नवं शिकणं, आणि फावला वेळ आपल्या मर्जीने घालवणं. पहिलंच सगळ्यात अवघड. रात्री दहाला एका मेसेजला उत्तर दिलं की पुढचा मेसेज दहालाच येतो. त्यापेक्षा थांबायची वेळ टीमला आधीच सांगावी, तातडीसाठी फक्त फोन ठेवावा, बाकी नोटिफिकेशन बंद.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नोंदलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणातून उद्भवणारी, फक्त कामाशी निगडित अशी ही स्थिती मानली आहे.

सीमा पुन्हा कायद्यात आल्या त्या २०१७ पासून, फ्रान्समध्ये : कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसाच हक्क दिला. तिथे साहेबांना वेळेबाहेर फोन करायला मनाई नाही. कर्मचाऱ्याला तो न उचलण्याची मुभा आहे, नकार अवाजवी नसेल तोवर. अवाजवी काय, हे ठरवताना फोनचं कारण, हुद्दा, जादा वेळेचा मोबदला आणि घरच्या जबाबदाऱ्या बघितल्या जातात.