जर्मनीत नोकरीसाठी येताय? ब्लू कार्डाआधी पत्त्याचं बघा

पासपोर्टवर व्हिसा चिकटला की सुटलो असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तो डी व्हिसा म्हणजे आत यायला आणि सुरुवातीचे काही महिने काढायला, खरं परमिट म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड इथे आल्यावर आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसमधून घ्यावं लागतं.

आणि त्याची सुरुवात होते घरापासून. राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद करायची आणि त्याला घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (पाठ होईपर्यंत नुसतं 'मालकाचा कागद' म्हणा). नुसतं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट चालत नाही. मी आधी थोड्या दिवसांसाठी एक खोली घेतली आणि तो माणूस सरळ म्हणाला की सही देणार नाही, मग परत घर शोधण्यापासून सुरुवात! त्यामुळे डिपॉझिट भरायच्या आधीच विचारून घ्या. अजून एक, लेटरबॉक्सवर स्वतःचं नाव लावा, टॅक्स नंबर पोस्टानेच येतो आणि नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

आता ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना इथे राहून नोकरी करायचं परमिट, कोणाला मिळतं ते बघू. मान्यताप्राप्त डिग्री हवी (तुमचं कॉलेज आनाबिन या परदेशी डिग्र्यांच्या डेटाबेसमध्ये कुठल्या वर्गात आहे ते घरूनच चेक करा), डिग्रीला साजेशी नोकरी हवी आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. 2025 साठी तो आकडा वर्षाला 48,300 युरो होता, आणि ज्या कामांना माणसं कमी पडतात ती कामं किंवा नुकतेच पास झालेले यांच्यासाठी 43,759.80. दर जानेवारीत हा आकडा बदलतो, मित्राने दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. आयटीवाल्यांना डिग्रीशिवायही मिळू शकतं, पण मागच्या 7 वर्षांत किमान 3 वर्षांचा त्या तोडीचा अनुभव कागदावर दाखवता आला पाहिजे.

अर्जाला पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, आनमेल्डुंगचा कागद, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, डिग्री आणि हेल्थ इन्शुरन्सचा दाखला हे तर लागतंच, काही शहरं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट आणि पगाराच्या स्लिपाही मागतात. फी साधारण 100 युरो. पासपोर्ट वर्षभरात संपत असेल तर आधी तो रिन्यू करा, कारण पासपोर्टच्या तारखेपुढचं कार्ड देत नाहीत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते टर्मिनवर, म्हणजे अपॉइंटमेंटवर. मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने मिळत नाही. पण नियम असा आहे की व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे, मग निर्णय लागेपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि त्याचा पुरावा म्हणून फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग नावाचं पत्र मिळतं. व्हिसा संपल्यावर अर्ज केलात तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून ऑनलाइन अर्ज पाठवला की कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. आणि दिवाळीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी ते पत्र हातात आहे ना आणि त्यावर परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या 81 कलमाच्या 4 थ्या पोटकलमावर खूण आहे ना ते बघा, 3 ऱ्यावर असेल तर परत येताना त्या पत्रावर आत घेत नाहीत.

नवराबायको दोघं येणार असाल तर ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची ए1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते. लग्नाचा दाखला मात्र वेळेत तयार ठेवा, त्यातल्या नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्टमधलं एकच हवं.

पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलली तर आउसलेंडरबेहोर्डेला कळवायचं, ते 30 दिवसांच्या आत अडवू शकतात. पीआर, म्हणजे कायमचं राहण्याचं परमिट, बी1 (मधल्या पातळीचं) जर्मन असेल तर 21 महिन्यांनी, नुसतं ए1 असेल तर 27 महिन्यांनी, पण तेवढे महिने पेन्शनचे हप्ते भरलेले दिसले पाहिजेत, तेव्हा पेन्शन विभागाकडून येणारी पत्रं जाहिरात समजून फेकू नका.