डोंगरातून हद्दपार झालेली लोकर परत कशी आली?

हिमालयातल्या ट्रेकसाठी सामानाची जी यादी मिळते, तिच्यात हल्ली ‘मेरिनो थर्मल’ (मेरिनो मेंढीच्या लोकरीचा आतून घालायचा कपडा) हमखास असतं. दुकानात गेल्यावर कळतं की हा पातळसा टी-शर्ट साध्या थर्मलच्या कितीतरी पट महाग आहे. विकणारा ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून तो पुढे करतो. मुळात डोंगरावर लोकर नवी नाहीच. मधली वीसेक वर्षं ती तिथून हद्दपार झाली होती, एवढंच.

मेरिनो ही मूळची स्पेनची मेंढी. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत आणि थंडीत दक्षिणेच्या माळांवर असे हे कळप शेकडो किलोमीटर चालत. आपले धनगर पावसाळा सरल्यावर देशावरून कोकणात उतरतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त राजाश्रयाने चाललेला. राजा दहावा अल्फोन्सो याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली, आणि मेरिनो देशाबाहेर नेण्यावर पुढे कैक वर्षं बंदी राहिली. अठराव्या शतकात ती सैल झाली. १७६५ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीला, १७८६ मध्ये फ्रान्सच्या रॉम्बुइएला आणि १७९७ मध्ये ऑस्ट्रेलियाला मेरिनो पोचली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या उंच, कोरड्या डोंगरउतारांवर ती पुढे चांगलीच रुळली.

लोकर अंगालगत घालावी, हे खूळ मात्र जर्मनीतलं. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गुस्टाव येगर यांचं म्हणणं होतं की कातडीला फक्त प्राणिज धागाच लागावा. सुती-तागाचे कपडे आरोग्याला वाईट. त्यांच्या नावाने १८८४ मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली. नाटककार बर्नार्ड शॉसारखे लोक येगरचे लोकरी सूट घालून हिंडत. येगर यांच्या सिद्धांतात विज्ञान थोडं आणि हट्ट फार, पण शॅकल्टन या शोधप्रवाशाच्या अंटार्क्टिक मोहिमेच्या सामानात येगरचे कपडे होते. एव्हरेस्टवर १९२४ साली हरवलेल्या मॅलरी या ब्रिटिश गिर्यारोहकाचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकरीचे पातळ थर, वर गॅबर्डिन हे घट्ट विणीचं कापड असा पोशाख होता. त्या चिंध्यांवरून हुबेहूब कपडे शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याशी घालून पाहिले, तर ते हलके आणि चांगले उबदार निघाले. ‘बिचारे ट्वीडचा कोट घालून एव्हरेस्टवर गेले’ ही आवडती दंतकथा तिथे संपायला हवी होती.

१९७०च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम धाग्याचे थर्मल आले, पाठोपाठ पॉलिएस्टरचं फ्लीस हे मऊ, लवदार कापड. स्वस्त, हलकं, झटपट वाळणारं. धुवायला मशीन चालतं, कसर लागत नाही. लोकर हरली ती रास्तच हरली. पण या कपड्यांना एक खोड होती: वास. दोन दिवसांच्या चालीनंतर तंबूत पॉलिएस्टरचं थर्मल काढलं की शेजारचा तोंड फिरवतो. हा अनुभव घ्यायला न्यूझीलंडला जायची गरज नाही.

तिकडे लोकरीचा बाजार कोसळत होता. ऑस्ट्रेलियात लोकरीला हमीभाव होता. मागणी घटली तरी महामंडळ खरेदी करत राहिलं, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना मोडली तेव्हा गोदामांत ४० लाखांहून जास्त गाठी पडून होत्या. मेरिनोचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सुटाचं कापड विणणाऱ्या गिरण्या. आता दुसरं गिऱ्हाईक शोधणं भाग होतं. माझ्या मते मेरिनोच्या पुनरागमनात निसर्गप्रेमाचा वाटा दुय्यम आहे. पडलेला भाव आणि घामाचा वास ही खरी कारणं.

१९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या एका स्की शिकवणाऱ्या जोडप्याने मेरिनोचे मोजे काढले, ते स्मार्टवूल. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये जेरेमी मून या चोविशीतल्या तरुणाला एका मेंढपाळाने मेरिनोचा टी-शर्ट दाखवला आणि आइसब्रेकर उभी राहिली. ही कंपनी लिलावाच्या भरवशावर न राहता मेंढपाळांशी काही वर्षांचे थेट करार करू लागली. मेंढपाळाला भावाची खात्री मिळाली, ही मला टी-शर्टपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

लोकर टोचते ती धाग्याच्या जाडीमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड टोकं कातडीत रुततात. दख्खनी मेंढीची लोकर जाड, म्हणून घोंगडी उघड्या अंगाला बोचते, पण पावसात तिला तोड नाही. थर्मलची मेरिनो १७ ते १९ मायक्रॉनची असते. त्वचेला लागताच तिचं टोक वाकतं. तिच्या धाग्यात वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा बाष्प मुरतं तरी हाताला ओल लागत नाही. वासाचे रेणूही आत अडकतात आणि धुतल्यावर सुटतात.

ही मेंढी स्वतःहून लोकर गाळत नाही, माणसानेच कातरावी लागते. बेंडिगो स्टेशन या न्यूझीलंडमधल्या कुरणावरचा श्रेक नावाचा मेंढा सहा वर्षं गुहांमध्ये लपून राहिला होता. २००४ मध्ये सापडला तेव्हा त्याच्या अंगावरून २७ किलो लोकर निघाली. अंगावरच्या घड्यांमुळे मेरिनोला माश्यांचा त्रास होतो. तो टाळायला शेपटीजवळची कातडी कापून काढण्याची ‘म्यूलसिंग’ नावाची पद्धत ऑस्ट्रेलियात अजून चालते. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. खरेदी करताना याची चौकशी करावी.

लेबलही वाचावं. इतका बारीक धागा सॅकच्या पट्ट्याखाली घासून लवकर विरतो, म्हणून बऱ्याच कंपन्या आता नायलॉनच्या धाग्याभोवती मेरिनो गुंडाळून कापड विणतात. ८७ टक्के मेरिनो, १३ टक्के नायलॉन असं लिहिलेलं दिसलं तर ती फसवणूक नव्हे. असा टी-शर्ट उलट जास्त टिकतो.