संख्या उडते की दडते?

दिवाळीत पंचवटीला बहिणीकडे सगळे जमलो होतो. फराळाची ताटं समोर, आणि भाच्याने मला धरलं. "मामा, मनात एक संख्या धर. दुप्पट कर. त्यात १० मिळव. निम्मी कर. आता धरलेली संख्या वजा कर. तुझं उत्तर ५!" त्याचं होतंय तोवर भाचीने माझ्याकडून पाच-सहा पायऱ्यांचं गणित करून घेतलं, उत्तर विचारलं आणि माझी जन्मतारीख सांगून टाकली. त्यावर दाजींचा निकाल: "दोन्ही एकच रे. शेवटी सगळं कटतं."

नाशिकरोडला मी गणिताच्या शिकवण्या घेतो. हे "सगळं कटतं" मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

भाच्याची गंमत तुम्हाला माहीत आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. क्ष धरला, २क्ष झाले, २क्ष + १० झाले, निम्मे केले की क्ष + ५. क्ष वजा केला, ५ उरले. मिळवायला सांगितलेल्या संख्येचं निम्मं, बस. १०८९ ची करामतही याच घरातली: ७३२ घ्या, उलट करून वजा करा, ७३२ − २३७ = ४९५, तेही उलट करून मिळवा, ४९५ + ५९४ = १०८९. पहिल्या आणि शेवटच्या अंकात निदान २ चा फरक हवा, ही अट मात्र लोक सांगतच नाहीत आणि मग भर पंगतीत अडकतात. (अंक दहाच, ० ते ९. ७३२ ही संख्या. "मनात एक अंक धर" म्हणून तीन अंकी संख्या मागणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं.)

आता भाचीचं गणित. महिन्याचा क्रमांक घ्या. ५ ने गुणा, ६ मिळवा, ४ ने गुणा, ९ मिळवा, पुन्हा ५ ने गुणा, शेवटी तारीख मिळवा. २७ फेब्रुवारी धरू, आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस. २ चे १०, मग १६, ६४, ७३, ३६५. त्यात २७ मिळवले की ३९२. हे ऐकून भाची मनात १६५ वजा करते. २२७ उरतात. दुसरा महिना, २७ तारीख.

यात काय कटलं? नीट बघा. महिन्याला एकूण गुणलं ५ × ४ × ५, म्हणजे १०० ने. मधे मिळवलेले ६ आणि ९ पुढच्या गुणाकारांत फुगून १६५ होतात: ६ चे १२०, ९ चे ४५. कटले ते हे १६५. ती भाचीची स्वतःची भर होती, तुमचं लक्ष हटवायला घातलेली. तुमचा महिना आणि तुमची तारीख यांना कुणी हातही लावलेला नाही. महिना रुपये झाला, तारीख पैसे झाली: २ रुपये २७ पैसे. तारीख ३१ च्या वर जात नाही, त्यामुळे पैशांचा कधी रुपया होत नाही आणि दोन्ही वेगळे वाचता येतात.

घोटाळा नेमका इथे होतो. काहीतरी वजा होताना दिसलं की लोक म्हणतात, संख्या कटली. वजा काय झालं ते विचारा. भाच्याच्या गणितात *तुमची* संख्या वजा होते, ती उडते. भाचीच्या गणितात *तिची* भर वजा होते, तुमची संख्या उत्तरातच दडून बसलेली असते.

बीजगणित नको असेल तर एकच गोष्ट बघा: उत्तर शेवटी कोण बोलतं? भाच्याने उत्तर स्वतः सांगितलं, कारण ते सगळ्यांचं एकच येतं. भाचीला ते मला विचारावं लागलं. तिने ओळखलं काहीच नाही, माझी जन्मतारीख मीच तिला सांगितली, फक्त ३९२ सारख्या वेषात. १ ते ३१ मधल्या संख्या पाच पत्त्यांवर (पहिल्या संख्या १, २, ४, ८, १६; एकच संख्या अनेक पत्त्यांवर असू शकते) लिहून "यात आहे का?" विचारणाराही तुमच्याकडून पाच उत्तरं घेतो आणि 'आहे' म्हटलेल्या पत्त्यांवरच्या पहिल्या संख्यांची बेरीज करतो. १६, ४ आणि १, म्हणजे २१. ही पण दडलेलीच.

फोनवर फिरणारं चपलेच्या नंबरावरून वय सांगायचं गणितही दडलेल्यातलंच. नंबर ५ ने गुणा, ५० मिळवा, २० ने गुणा, १०२५ मिळवा, जन्मसाल वजा करा. शेवटचे दोन अंक तुमचं वय. "हे फक्त याच वर्षी चालतं!" हे वाक्य वाचलं की माझा संताप होतो. १००० आधीच तयार झालेले असतात, त्यात १०२५ घातले की २०२५ साल होतं, आणि सालातून जन्मसाल गेलं की वय. २०२६ ला १०२६ घाला, चालतंच. त्या वर्षीचा वाढदिवस अजून आला नसेल तर मात्र वय एकाने जास्त येतं.

आणि नाशिककरांना एक विनंती. अशा प्रत्येक गमतीला "कापरेकरांची ट्रिक" म्हणू नका. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिकवत, आणि त्यांचं ६१७४ या दोन्हींपेक्षा निराळं आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आपल्या ४२२००१ या पिनकोडाचे पहिले चार घेऊ: ४२२० − ०२२४ = ३९९६. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. इथून पुढे ६१७४ च येत राहतं. उत्तर ठरलेलं आहे, म्हणून भाच्यासारखं तुम्हीच ते सांगू शकता. पण भाच्याचा क्ष एका ओळीत उडाला, इथे तसा क्ष वजा होणारी ओळच नाही. दर पायरीला अंक नव्याने मांडले जातात, कुणाला एक पायरी लागते, ४२२० ला चार लागल्या, आणि सातपेक्षा जास्त कुणालाच लागत नाहीत.