व्यापार तूट वेगळी, चालू खात्यावरची तूट वेगळी

मुंबईच्या गिरण्या धडधडत होत्या त्या काळातल्या, कोकणातल्या एखाद्या वाडीचा जमाखर्च मांडून बघा. वाडीतून बाहेर काय जायचं? हंगामात आंबे, थोडे काजू, समुद्र जवळ असेल तर सुकी मासळी. बाहेरून काय यायचं? घरचा भात वर्षभर पुरत नसे, म्हणून धान्य विकतचं. शिवाय कापड, रॉकेल, साखर, चहापूड, औषधं. विकलेल्या मालातून खरेदीचा खर्च वजा केला तर वाडी दरवर्षी तोट्यात. तरीही वाण्याची उधारी फिटायची, घर शाकारलं जायचं, मुलं शाळेत जायची. कारण लालबाग-परळच्या गिरणीत साच्यावर उभा असलेला घरचा माणूस पैसे पाठवायचा आणि पोस्टमन ते दारात आणून द्यायचा. कोकणाला ‘मनीऑर्डरवर चालणारा प्रदेश’ म्हणायचे ते यामुळेच.

नुसत्या मालाच्या देवघेवीत वाडीला जो तोटा दिसतो, ती तिची व्यापार तूट. मनीऑर्डर जमेला धरून शेवटी जे उरतं किंवा कमी पडतं, ते तिचं चालू खातं. देशाचंही असंच असतं. पण बातम्यांत हे दोन्ही आकडे ‘तूट’ या एकाच शब्दाने येतात. मग ‘तूट विक्रमी पातळीवर’ आणि ‘तूट आटोक्यात’ अशा दोन बातम्या एकाच वर्षाबद्दल वाचायला मिळतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, यातली एक खोटी असणार. दोन्ही खऱ्या असतात.

२०२४-२५ हे आर्थिक वर्ष घ्या. भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला आणि सुमारे ७२० अब्ज डॉलरचा आयात केला. व्यापार तूट झाली २८३ अब्ज डॉलरच्या आसपास. त्याच वर्षाची चालू खात्यावरची तूट रिझर्व्ह बँकेने जाहीर केली ती साधारण २३ अब्ज डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६ टक्के. एक आकडा दुसऱ्याच्या बारापट आहे.

मधले २६० अब्ज कुठे गेले हे समजलं की सगळा गोंधळ मिटतो. पहिला मोठा भाग सेवांचा. पुण्या-बंगळुरूत बसून परदेशी कंपनीसाठी लिहिलेली संगणकप्रणाली, सांभाळलेले हिशेब, केलेली आरेखनं यांचे पैसे बाहेरून येतात, पण बंदरातून एकही खोका जात नाही. आपणही परदेशी सेवा विकत घेतो; ती वजा करून २०२४-२५ मध्ये सेवांतून सुमारे १८९ अब्ज डॉलर शिल्लक राहिले. दुसरा भाग परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेल्या पैशांचा. हे १३५ अब्ज डॉलरच्या घरात होते, आणि इकडून बाहेर पाठवले गेलेले वजा केले तरी सव्वाशे अब्जांच्या आसपास उरतात. तिसरा भाग मात्र उलट दिशेचा आहे. परदेशी कंपन्यांचा इथला नफा, लाभांश, आपल्या परदेशी कर्जांवरचं व्याज हे सारं बाहेर जातं, आणि त्या खात्यावर आपण जवळपास पन्नास अब्ज उणे असतो. ही बेरीज-वजाबाकी केली की तुम्ही २३ अब्जांच्या जवळ येऊन पोचता. रिझर्व्ह बँकेचा मालाच्या तुटीचा आकडा वाणिज्य मंत्रालयापेक्षा थोडा वेगळा असतो, कारण दोघांची मोजण्याची रीत वेगळी. म्हणून हिशेब अगदी काटेकोर जुळला नाही तर बिचकू नका.

गोंधळात भर घालणारा आणखी एक आकडा आहे. वाणिज्य मंत्रालय दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास जे पत्रक काढतं, त्यात मालाच्या तुटीबरोबर ‘माल आणि सेवा मिळून’ अशी तूटही दिलेली असते. २०२४-२५ साठी ती ९४ अब्ज डॉलरच्या आसपास होती. या आकड्यात सेवा आहेत पण मनीऑर्डर नाही, म्हणून ते चालू खातं नव्हे. बातमी वाचताना एवढंच बघायचं: आकडा दर महिन्याचा असेल तर तो व्यापाराचा, तिमाहीचा आणि रिझर्व्ह बँकेचा असेल तर चालू खात्याचा. चालू खात्याचा आकडा तिमाही संपल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी येतो.

महिन्याचा आकडा लवकर येतो, पण तो कच्चा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये याचा मोठा धडा मिळाला. नोव्हेंबर महिन्याची व्यापार तूट ३७.८ अब्ज डॉलर, आजवरची सर्वांत मोठी, असं जाहीर झालं. कारण दिलं गेलं सोन्याची आयात १४.८ अब्ज डॉलरवर गेल्याचं. बाजारात चिंता पसरली, लग्नसराईतल्या सोनेखरेदीवर चर्चा झडल्या. जानेवारीत कळलं की सोन्याची आयात दोनदा मोजली गेली होती; खरा आकडा ९.८ अब्जांच्या आसपास निघाला आणि तूट ३२ अब्जांच्या जवळ उतरली. एका महिन्याच्या आकड्यावरून देश बुडाला किंवा तरला असं ठरवू नये, हे मी तेव्हापासून आवर्जून सांगतो.

आता खरा प्रश्न: दोघांतला काळजी करण्यासारखा आकडा कोणता? रुपयाच्या दृष्टीने बघाल तर चालू खात्याचा. देशाला बाहेरच्यांचं देणं द्यायला डॉलर पुरतात की नाही, हे तोच सांगतो. २०१२-१३ हे वर्ष आठवा. त्या वर्षी मालाची तूट १९० अब्ज डॉलरच्या पुढे होती, म्हणजे २०२४-२५ पेक्षा बरीच कमी. पण चालू खात्यावरची तूट ८८ अब्ज, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती. पुढच्या वर्षी, मे २०१३ पासून, अमेरिकेची मध्यवर्ती बँक हात आखडता घेणार अशी चाहूल लागताच परदेशी गुंतवणूकदार पैसे काढू लागले आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला. सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क त्याच वर्षी ६, मग ८, मग १० टक्के असं वाढवत नेलं. सोन्याच्या आयातीतला पाचवा हिस्सा निर्यातदारांसाठी राखून ठेवण्याची अटही आली. पुढच्या बारा वर्षांत मालाची तूट फुगली तरी चालू खातं सावरलेलं राहिलं, याचं मोठं कारण सेवा. २०१२-१३ मध्ये सेवांची निव्वळ शिल्लक ६५ अब्जांच्या आसपास होती, ती तिपटीकडे गेली.

पण म्हणून चालू खात्यावर शिल्लक दिसली की आनंद मानावा, असंही नाही. २०२०-२१ मध्ये भारताच्या चालू खात्यावर तूट नव्हती, उलट ०.९ टक्के शिल्लक होती. ते वर्ष टाळेबंदीचं. कारखाने बंद, गाड्या उभ्या, तेलाची आणि यंत्रांची आयात आटलेली. घरातली चूल थंड असताना वाण्याचं बिल कमी आलं, तशी ती शिल्लक. आणि त्याही वर्षी मालाची तूट शंभर अब्ज डॉलरच्या पुढेच होती.

तूट भरून कशी काढतात, याचा इथेच संबंध येतो. चालू खात्यावर जे कमी पडतं ते भांडवली खात्यातून यावं लागतं: परदेशी कंपन्यांनी इथे टाकलेलं भांडवल, शेअर बाजारात आलेला पैसा, बाहेरून घेतलेली कर्जं, अनिवासी भारतीयांच्या ठेवी. ते पुरलं नाही तर परकीय चलनाच्या गंगाजळीला हात लागतो. २०२४-२५ मध्ये तूट छोटी होती, पण बाहेर गेलेलं वजा करता निव्वळ थेट परकीय गुंतवणूक जवळपास शून्यावर आली होती. परिणामी त्या वर्षी गंगाजळीतून सुमारे पाच अब्ज डॉलर वापरावे लागले.

अनिवासींच्या पैशाची एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती जाणत्यांनाही चकवते. दुबईत काम करणाऱ्याने आईच्या खात्यावर घरखर्चाला पैसे पाठवले, तर ते चालू खात्यात जमा. त्याने तेच पैसे स्वतःच्या अनिवासी ठेवीत ठेवले, तर ते भांडवली खात्यात, कारण ती ठेव कधीतरी परत करायची आहे. ते देशावरचं देणं आहे. पुढे त्याच ठेवीतून काढून गावी घराला स्लॅब घातला, की तो पैसा चालू खात्यातली मनीऑर्डर होतो. पैसा तोच, माणूस तोच. परत जाणार की इथेच खर्च होणार, यावर खातं बदलतं.

दोन देशांमधल्या तुटीची गल्लत याहून जास्त नुकसान करते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने देशोदेशींवर जे ‘जशास तसे’ शुल्क जाहीर केलं, त्याचा हिशेब फक्त मालाच्या तुटीवर बेतलेला होता: त्या देशाबरोबरची मालाची तूट भागिले त्याच्याकडून होणारी आयात, आणि आलेल्या उत्तराचं निम्मं. भारताच्या वाट्याला २६ टक्के आले. अमेरिका जगाला सेवा विकून जे कमावते ते या गणितात धरलंच नव्हतं. मालाच्या तुटीवरून समोरच्याला लबाड ठरवायचं, तर आपल्या वाडीनेही आपल्या वाण्यावर तोच आरोप करायला हवा होता.

मग व्यापार तुटीकडे दुर्लक्ष करायचं का? मला तसं वाटत नाही, आणि चालू खातं सुरळीत आहे म्हणून मालाच्या तुटीचा विषय बंद करणाऱ्यांशी माझा इथे मतभेद आहे. चालू खातं देणं फिटतंय का ते सांगतं. इथे काय बनतं आणि काय बनत नाही, हे व्यापार तूटच सांगते. आपण गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. चीनबरोबरची मालाची तूट २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरवर गेली, आणि ती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रं, रसायनं, औषधांचा कच्चा माल यांची आहे. या वस्तू बनवणारे कारखाने इथे असते तर त्यात दहावी-बारावी शिकलेल्यांना काम मिळालं असतं. सेवांच्या शिल्लकेने त्या आयातीचे पैसे फिटतात, पण ते काम मिळत नाही. सेवांतून कमावणारे आणि कारखान्यात ज्यांना काम हवं ते, हे बहुतांशी वेगवेगळे लोक आहेत.

शिवाय भोक ज्याने बुजवलंय ते टिकाऊ आहे का, हेही बघावं लागतं. १९९०-९१ मध्ये आखाती युद्धाने दोन्ही बाजूंनी घाव घातला. तेल महागल्याने व्यापार तूट वाढली, आणि त्याच आखातातून पैसे पाठवणारी माणसं काम सोडून परतली. एकट्या कुवेतच्या पेचातून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानाने आणावं लागलं. परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं आणि जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवण्यासाठी देशाबाहेर धाडावं लागलं. आज पैशाचे झरे पसरले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार, घरी पाठवल्या जाणाऱ्या पैशांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि संयुक्त अरब अमिरातींचा १९.२ टक्के आहे. पण आपल्या सॉफ्टवेअरचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकही अमेरिकाच असल्याने, तिथल्या एका निर्णयाचा परिणाम सेवा आणि मनीऑर्डर या चालू खात्यातल्या दोन्ही ओळींवर होऊ शकतो.

याच पाहणीत राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा आहे, २०.५ टक्के, केरळ १९.७ टक्क्यांवर. मात्र रत्नागिरीहून मुंबईला जाताना वाटेत कस्टमचं नाकं नाही. त्यामुळे कोकणाची उरलेल्या महाराष्ट्राशी व्यापार तूट किती आणि चालू खातं काय, हे कुणी मोजत नाही. ते दुसऱ्या खुणांवरून वाचावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी गावी परतले. वाडीची आंबा-काजूची विक्री तेवढीच होती, धान्य-रॉकेलाची खरेदी तेवढीच होती. व्यापार तूट जागच्या जागी. पण मनीऑर्डर थांबली आणि चालू खातं कोसळलं.

दुसरी खूण जनगणनेत आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास पाच टक्क्यांनी घटली, आणि २०११ मध्ये तिथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. जे पुरुष त्या मोजणीत घरी नव्हते, ते पाठवत असलेला पैसा वाडीच्या चालू खात्यात जमेला होता. आणि त्यांचे हात गावात नसल्याने जे पिकलं नाही, जे बनलं नाही, ते विकत आणावं लागलं. ती नोंद व्यापार तुटीत होती.